उरलेल्यांचा नाच

शेजाऱ्यांचा कुत्रा अवेळी भुंकतो, अशी तक्रार मी सोसायटीच्या चिटणिसांकडे करणार होतो. बरे झाले, केली नाही. कारण ते भुंकणे शेजारून येत नव्हते. आमच्याच चिरंजीवांच्या खोलीतून, एका स्पॅनिश गाण्यातून येत होते!

चिरंजीव इंजिनियर आहेत आणि दीड वर्ष घरी आहेत. मुलाखती होतात, पुढचे पत्र येत नाही. वेळ जावा म्हणून त्यांनी स्पॅनिशचा वर्ग लावला. मला तो खर्चच वाटला होता.

म्हणून मी जरा तिरकसपणेच विचारले, "काय रे, या भाषेत कुत्रीही गातात वाटतं? नाव काय गाण्याचं?"

"एल बाइले दे लोस के सोब्रान. म्हणजे उरलेल्यांचा नाच, बाबा."

मी गप्प झालो. आठच दिवसांपूर्वी पाहुण्यांना मी हसत हसत सांगितले होते, "याच्या वर्गातली सगळी पोरं मार्गी लागली. हा तेवढा उरलाय!" त्याने ते ऐकले होते का, हे विचारण्याचे धैर्य मला अजून झालेले नाही.

मग तोच सांगू लागला. गाणे चिले देशातले, १९८६ सालचे. सांतियागोच्या सान मिगेल भागातल्या तिघा शाळासोबत्यांनी 'लोस प्रिसिओनेरोस', म्हणजे 'कैदी', या नावाने मेळ जमवला. त्यांतल्या खोर्खे गोन्सालेसने ते लिहिले. देशावर तेव्हा पिनोचेची लष्करी राजवट होती. मला वाटले, गाण्यात हुकूमशहाला शिव्या असतील. तसे काहीच नाही! एकाच शाळेत, एकच धडे गिरवलेली मुले. अभ्यास करा, पुढे सारे मिळेल, हे साऱ्यांनाच सांगितलेले. मग काहींना दारे उघडतात आणि बाकीचे रस्त्यातले दगड लाथाडत हिंडतात. रडगाणे म्हणावे, तर ठेका नाचाचा! आणि रडायचेही एकट्याने नाही, सगळ्या उरलेल्यांना हाक मारून. २०१९ च्या ऑक्टोबरात सांतियागोत मेट्रोचे भाडे तीस पेसोंनी वाढले आणि लोक भडकून रस्त्यावर आले, तेव्हा त्यांनी हेच गाणे म्हटले. ते निघाले तेव्हा जन्मलीही नव्हती अशी पोरे त्यांत होती.

"'सोब्रार' म्हणजे नको असताना उरणं," तो म्हणाला. "मराठीत नेमका शब्दच सापडत नाही."

"एवढं काय अडलंय?" रात्रीच्या भाताला फोडणी देता देता सौ. आतून म्हणाली. "पुरून उरणं म्हण की!"

"अगं आई, तो अर्थ उलटा होतो!"

"होऊ दे उलटा."

भाषांतर म्हणून ते चुकीचेच होते. पण चिरंजीवांनी वहीत 'उरलेले' या शब्दाशेजारी ते लहान अक्षरांत लिहून ठेवलेले मी पाहिले.

"जरा मोठ्यानं लाव बघू," मी म्हणालो.

गाण्यातली कुत्री भुंकू लागली, आणि शेजाऱ्यांच्या कुत्र्याने खिडकीतून त्यांना साथ दिली.