मोटारीचे साल

जुनी मोटार घ्यायला निघालेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो सालाचा. उत्तर ऐकून तो मनातल्या मनात वजाबाकी करतो आणि त्या बाकीवर गाडीचा भाव ठरवतो. सरकारदेखील सालच मोजते. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षे भरली म्हणून २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली. मग तिचे इंजिन कसे का असेना! मला ही रीत फसवी वाटते. साल गाडीचा जन्म तेवढा सांगते; तिचा संसार कसा झाला ते सांगत नाही.

पद्मिनीचेच पाहा. १९६४ साली ‘फियाट ११०० डिलाइट’ या नावाने ती आपल्याकडे बनू लागली. १९७४ मध्ये तिचे ‘पद्मिनी’ असे बारसे झाले आणि या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत ती बनत राहिली. इतक्या वर्षांत दागिने बदलले. १०८९ सीसीचे इंजिन बहुतेक तेच राहिले. दोन सालांच्या दोन पद्मिनी म्हणजे जवळजवळ जुळ्या बहिणीच.

१९९६ मध्ये मी अशा दोघी पाहिल्या. हौस म्हणून नव्हे. पत्नीची मूत्रपिंडे निकामी झाली होती आणि आठवड्यातून दोनदा तिला डायलिसिससाठी साताऱ्याहून पुण्याला न्यायचे होते. पहिली गाडी १९९१ ची. रंग असा, की त्यात आपला चेहरा दिसावा! आमच्या मिस्त्रींनी मडगार्डवर बोटाने टकटक केली, तर पत्र्याऐवजी पुट्टीचा बद्द आवाज आला. पायाखालची चटई उचलली, तर गंजाच्या भोकांतून खालची जमीन दिसली. इंजिन सुरू करताच निळा धूर निघाला. म्हणजे ते ऑइल पीत होते. दुसरी १९८४ ची, रंग उडालेली. पण मालकाने एका वहीत बारा वर्षांचा हिशेब ठेवला होता: ऑइल कधी बदलले, किती किलोमीटरांना, ब्रेक कधी केले. मिस्त्री म्हणाले, “साहेब, साल नका बघू, ही वही बघा.”

ती घेतली. उन्हाळ्यात खंबाटकीचा घाट चढताना तिला धाप लागे. पेट्रोलचा पंप इंजिनलाच जोडलेला. इंजिन फार तापले की पेट्रोलची वाफ होते, पंपाला ती ओढवत नाही आणि गाडी थांबते. उपाय सोपा. पंपावर ओले फडके टाकून थोडा वेळ थांबायचे. एप्रिलच्या एका दुपारी आमच्याजवळचे पाणी संपले. डॉक्टरांनी पत्नीला दिवसाचे पाणी मोजून दिलेले. तिने आपली बाटली माझ्या हाती दिली. “अहो, घाला तिला. आमच्यापैकी एकीला तरी पोटभर पिऊ द्या.”

त्या थांब्याचा वेळ हिशेबात धरूनच आम्ही निघत असू. दोन वर्षांत पुण्याची वेळ एकदाही चुकली नाही. निर्दोष गाडी मला अजून भेटलेली नाही. जिचा दोष आधी ठाऊक असतो, तिलाच मी भरवशाची म्हणतो.

१९९८ च्या पावसाळ्यात पत्नी गेली. गाडी विकायला काढली, तेव्हा एका तरुण गिऱ्हाइकाने साल ऐकून तोंड वाकडे केले. मी वही पुढे केली. शेवटच्या पानांवर अक्षर पत्नीचे होते. तो बराच वेळ पाने उलटीत राहिला आणि घासाघीस न करता त्याने पैसे मोजले. वही ठेवून घ्यावी असे फार वाटले, पण दिली. तिच्यावाचून ती गाडी नुसतीच १९८४ ची राहिली असती.