चषकाच्या फोटोत पुढं कोण?

मंगळवार पेठ, कोल्हापूर
28 डिसेंबर 2025

प्रिय भावा,

तुझं पत्र मिळालं. 13 जूनच्या मॅचचं तिकीट तू संघ कुठले हे माहीत नसतानाच काढून ठेवलंस आणि सोडतीत नेमके ब्राझील-मोरोक्को तुझ्या न्यू जर्सीलाच आले, याबद्दल अभिनंदन. वाचून पोटात दुखलं, खोटं कशाला बोलू? आम्ही इथं पहाटे डोळे चोळत टीव्हीपुढं बसणार. आणि शाहू स्टेडियमच्या पायरीवर एक मॅच कधी खाली बसून न बघितलेला तू तिकडं नंबराची खुर्ची शोधून बसणार. अँचेलोटींना माझा नमस्कार सांग. ब्राझीलला खेळायला शिकवायला इटलीचा मास्तर आणावा लागला, यातच सगळं आलं. मार्चमध्ये ब्युनोस आयर्सला आम्ही अर्जेंटिनावाल्यांनी तुम्हाला 4-1 नं कसं धुतलं, ते मी काढत नाही. 2014 चं 7-1 तर काढतच नाही. ते काम जर्मनीचं, आणि दुसऱ्यानं लोळवलेल्या गड्यावर आपण उडी मारायची नाही, अशी आमच्या पेठेची रीत आहे.

पण शेवटी तू एक वाक्य लिहिलंयस, त्यावर मात्र बोलल्याशिवाय राहवत नाही. 'खेळात राजकारण आणू नये.' लेका, हे तू अमेरिकेत बसून लिहितोस?

ज्या सोडतीनं तुला ब्राझील मिळवून दिलं, तिचाच कार्यक्रम आठव. 5 डिसेंबर, वॉशिंग्टनचं केनेडी सेंटर. चेंडू कुणाच्या गटात पडतोय म्हणून अख्खं जग टीव्हीला चिकटलेलं, आणि फिफाचे इन्फान्टिनो आधी एक नवाकोरा शांतता पुरस्कार काढतात आणि पहिल्याच वर्षी तो ट्रम्पना देतात. ट्रम्पही असे की, पदक कुणी घालायची वाटच बघितली नाही, स्वतःच उचलून गळ्यात अडकवलं. शेवटी व्हिलेज पीपलवाले येऊन 'वायएमसीए' गाऊन गेले. ट्रम्पच्या सभांना वाजतं तेच गाणं. आपल्याकडं एखाद्या चषकाच्या सोडतीला आमदारांच्या प्रचाराचं गाणं लावलं असतं, तर तूच पहिला म्हणाला असतास, 'गावठी लोक!'

आणि 13 जुलै विसरलास? तुझ्याच त्या मैदानात क्लब वर्ल्ड कपची फायनल झाली, चेल्सीनं पॅरिसवाल्यांना 3-0 हरवलं. ट्रम्पनी कप दिला, इथवर ठीक. कप देऊन पाहुण्यानं बाजूला व्हायचं असतं, साहेब तिथंच. पोरं कप वर उचलायला थांबलेली, मधोमध निळा सूट. कोल पामरचा चेहरा बघितलास का? 'ह्यांचं अजून काय राहिलंय?' असा.

मला मात्र तो फोटो बघून काडीचं नवल वाटलं नाही. तूही तेच बघत वाढलास. आपल्याकडं फायनल संपते, गवतावर लाल जाजम येतं, खुर्च्या मांडतात आणि माइकवाला सुरू होतो. माननीय, सन्माननीय, पेठेचे लाडके, युवकांचे आशास्थान. जिंकलेली पोरं तोवर मोजे घोट्यापर्यंत खाली ओढून पोटऱ्या चोळत उभी. टायब्रेकरला दोन पेनल्टी अडवलेला गोलकीपर ग्लोव्हज काढायचे की ठेवायचे या विचारात. मग फोटो. चषकाचा एक कान कॅप्टनच्या हातात, दुसरा साहेबांच्या. साहेबांच्या मागं त्यांचे कार्यकर्ते, आणि कार्यकर्त्यांच्या मागं टीम. दुसऱ्या दिवशी पेपर उघडावा, तर ज्यानं गोल मारला त्याचं अर्धं कपाळ दिसतं.

हे मी कुरकुर म्हणून लिहीत नाही. बक्षिसाची रक्कम, पोरांचे किट, नायजेरियाहून आणलेल्या खेळाडूंचा खर्च, यातलं बरंच काही त्या फोटोच्या हौसेतून सुटतं. ज्यानं पैसे दिले त्यानं पुढं उभं राहावं. नुसतं कॅप्टनच्या अंगावर सावली पडू नये एवढंच.

कोलकात्यात 13 डिसेंबरला जे झालं ते तर याचंच मोठं रूप. मेस्सी सॉल्ट लेकला आला. हो, माझा मेस्सी. 2011 मध्ये याच मैदानावर तो अर्जेंटिनाचा कायमचा कॅप्टन म्हणून पहिल्यांदा उतरला होता, व्हेनेझुएलाविरुद्ध. या खेपेला खेळायचं नव्हतंच, मैदानाला एक फेरी मारून हात हलवायचा होता. पण मंत्री, त्यांची माणसं, आयोजक, सेल्फीवाले यांचं असं कडं पडलं की, हजारो रुपये मोजून आलेल्या पब्लिकला मेस्सी दिसलाच नाही. तो लवकर निघून गेला, आणि मग बाटल्या, खुर्च्या, सगळं मैदानात. आयोजकाला अटक झाली, मुख्यमंत्र्यांनी माफी मागितली. दुसऱ्या दिवशी वानखेडेवर निभावलं. सचिननं त्याला आपली 10 नंबरची जर्सी दिली. दोन दहा नंबरवाले शेजारी उभे राहिले, तेव्हा माझ्या घशात काहीतरी अडकलं. हे तुला सांगायला लाज वाटत नाही. तू 1994 ची बॅजोची हुकलेली पेनल्टी आठवून अजून नाचतोस.

आता याच्या शेजारी हे ठेव. मेस्सीच्या दर्शनाला देश लोटला त्या आठवड्यात आपली इंडियन सुपर लीग, म्हणजे आयएसएल, बंद होती. व्यावसायिक करार संपला, नवा भागीदार मिळाला नाही, आणि डिसेंबर सरत आला तरी यंदाची लीग सुरूच नाही. ऑक्टोबरमध्ये मडगावला सिंगापूरकडून 2-1 हरून आपण 2027 च्या आशिया कपचा रस्ता बंद करून घेतला. नोव्हेंबरमध्ये ढाक्याला बांगलादेशानंही हरवलं. आणि देशाच्या फुटबॉल महासंघाचा हा गाडा हाकणारे कोण? दासमुन्शी, काँग्रेसचे, 20 वर्षं. मग आपले प्रफुल्ल पटेल, राष्ट्रवादीचे. मुदत संपली तरी खुर्चीत, शेवटी 2022 मध्ये सुप्रीम कोर्टानं उठवलं. मग कारभार बाहेरच्यांच्या हाती गेला म्हणून फिफानं त्या ऑगस्टमध्ये आपल्याला निलंबितच केलं. मग कल्याण चौबे, भाजपचे. निदान ते स्वतः गोलकीपर होते. त्यांच्याविरुद्ध बायचुंग भुतिया उभा राहिला. बायचुंग! निकाल 33-1. पक्ष तिन्ही वेगळे, खुर्ची तीच, आणि बायचुंगला एक मत. असली सर्वपक्षीय एकजूट आपल्याकडं पाण्याच्या प्रश्नावर कधी दिसली नाही.

तेव्हा राजकारण खेळात आणू नये हे म्हणायला उशीर झालाय. ते कधीचंच आत येऊन, चहा पिऊन, पाय पसरून बसलंय. तुझ्या त्या पिवळ्या जर्सीचंच बघ. सॉक्रेटिसनं कोरिंथियन्समध्ये लष्करशाहीच्या काळात खेळाडूंपासून कपडे धुणाऱ्यांपर्यंत सगळ्यांना मत द्यायला लावलं. 1984 मध्ये भर सभेत सांगितलं की, थेट निवडणुकीची दुरुस्ती मंजूर झाली तर देश सोडणार नाही. ती पडली, आणि गडी फ्लोरेन्सला गेला. त्याच देशाची जर्सी पुढं बोल्सोनारोच्या लोकांनी अशी बळकावली की, जानेवारी 2023 मध्ये ब्राझिलियात संसदेवर चालून गेलेल्यांच्या अंगात तीच होती. तू म्हणशील, आणि तुमचं 1978? बरोबर आहे. आमचा पहिला वर्ल्ड कप ज्या मॉन्युमेंटल मैदानात जिंकला गेला, तिथून हाकेच्या अंतरावर नौदलाच्या शाळेत हुकूमशहा व्हिदेलाची माणसं लोकांचा छळ करत होती. ते माहीत असूनही मी केम्पेसचे गोल बघतो. तूही ती पिवळी जर्सी घालून 13 जूनला जाशीलच.

माझी तक्रार वेगळीच आहे. राजकारण फुटबॉलमध्ये आलं. फुटबॉल राजकारणात का येत नाही?

इकडं महापालिकेची निवडणूक लागलीय. 15 जानेवारीला मतदान. 2015 नंतर पहिल्यांदाच. परवा 30 तारखेला अर्ज भरायची मुदत संपतेय आणि गल्लीत कोण कुठल्या पक्षात आहे हे सकाळी विचारलेलं संध्याकाळी चालत नाही. खेळाडूंच्या बदल्यांना निदान ट्रान्स्फर विंडो असते, किंमत जाहीर होते. इथं पोरगं एका पक्षाच्या कार्यालयात मुलाखत देऊन बाहेर पडतं आणि दुसऱ्याचा मफलर घालून पेठेत शिरतं. गंमत म्हणजे तेच पोरगं पाटाकडील तालमीचं आहे. त्याला सांग की उद्यापासून शिवाजी तरुण मंडळासाठी ओरड, डोकं फोडेल.

व्हीएआरवर तू कायम खेकसतोस, दोन मिनिटं वाया जातात म्हणून. शिवसेना जून 2022 मध्ये फुटली आणि खरी कुठली याचा विधानसभा अध्यक्षांचा निकाल आला 10 जानेवारी 2024 ला. तोवर मॅच संपत आली होती. आणि त्याच वर्षीच्या विधानसभेतलं आपलं कोल्हापूर उत्तर! काँग्रेसनं राजेश लाटकरांना उतरवलं. आरडाओरडा झाला, बाहेर बोलावलं, मधुरिमाराजेंना आत पाठवलं. माघारीच्या शेवटच्या दिवशी त्यांनीच अर्ज काढून घेतला. मग पक्ष पुन्हा लाटकरांच्या मागं, आता अपक्ष म्हणून. निवडून आले क्षीरसागर. फुटबॉलमध्ये एकदा बदलून बाहेर बसवलेला गडी त्या मॅचमध्ये परत येत नाही, हे दहावीतल्या पोरालाही ठाऊक असतं.

नियमांचं सोड. खरा फरक पायरीवर आहे. आपल्या बाजूचा कुठलाही म्हातारा घे, खारे शेंगदाणे खात बसलेला. आपला स्ट्रायकर मोकळा गोल चुकला की पहिली शिवी त्याचीच. आपल्या गोलकीपरच्या हातून बॉल सुटला की त्याच्या सात पिढ्या काढतो, समोरच्या टीमनं चांगला मूव्ह केला तर 'आयला, भारी!' असं तोंडातून निघून जातं, आणि पुढच्या मॅचला हाच गडी तासभर आधी येऊन जागा धरतो. त्याची निष्ठा कुणी काढावी? आता त्याच म्हाताऱ्याला त्याच्या साहेबांबद्दल विचार. साहेबांनी आपल्याच जाळ्यात बॉल मारला, तरी म्हणणार, 'तुम्हाला न्हाई कळायचं, साहेबांची खेळी हाय ती.' पायरीवर तो तज्ज्ञ असतो आणि सभेत भाबडा, एकाच दिवशी, त्याच टोपीत. 2019 च्या लोकसभेला 'आमचं ठरलंय'च्या लाटेत काँग्रेसचे सतेज पाटील आघाडीतल्या मित्रपक्षाचा उमेदवार सोडून सेनेच्या मंडलिकांच्या मागं गेले, तेव्हा किती जणांनी विचारलं, 'अहो, पण जर्सी कुठली?' 2024 ला त्याच मंडलिकांसमोर शाहू महाराज उभे राहिले, जिंकले, आणि घोषणा देणारे घसे बरेचसे तेच. मला दोन्ही निकाल पटले की नाही, हा प्रश्न वेगळा. स्वतःच्या टीमला शिवी घालायची कला आपण पेठेत शिकलो आणि मतदान केंद्राबाहेर चपलांसारखी काढून ठेवली, हे मला खुपतं.

यातून तू सुटलायस असं समजू नकोस. नेमारनं 2022 ला बोल्सोनारोचा प्रचार केला, तेव्हा तू मला 'खेळाडूला खेळाडू म्हणून बघ' असं ऐकवलं होतंस. मॅराडोनाच्या पायावर कॅस्ट्रो आणि दंडावर चे गेव्हारा गोंदलेला दिसला की मात्र तुला राजकारण आठवतं.

'झुंड'बद्दल तू लिहिलंस की तो फुटबॉलचा सिनेमा नाही, भिंतीचा आहे. हे तुझं अख्ख्या पत्रातलं एकमेव शहाणं वाक्य. कॉलेजचं मैदान आणि झोपडपट्टी यांच्या मधली ती भिंत दिग्दर्शक नागराज मंजुळेनं अशी उभी केलीय की, बच्चनचं भाषण विसरलं तरी ती विसरत नाही. मला पहिला भाग जास्त आवडतो, पोरं नुसती प्लास्टिकच्या डब्याला लाथा मारत असतात तो. नंतर लांबतो. आपला अनिकेत जाधव 2017 ला सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये खेळला, त्याच्यावर कुणी सिनेमा काढेल का, असं तू विचारलंयस. काढतील. पण पोस्टरवर पुढं कोण असेल ते मी आत्ताच सांगतो.

काकी बऱ्या आहेत. परवा गेलो होतो, म्हणाल्या, 'त्याला सांग, ब्राझील राहू दे, घरी फोन कर.' गुडघा अजून दुखतोय, पण प्रचाराला आलेल्या चारही उमेदवारांना त्यांनी दारात उभं करून नळाला पाणी किती वाजता येतं ते विचारलं. एकालाही सांगता आलं नाही. चौघंही वेगवेगळ्या पक्षांचे होते.

आता पैजेचं. वर्ल्ड कपमध्ये ब्राझील अर्जेंटिनाच्या आधी बाहेर पडलं, तर मिरजकर तिकटीला डिजिटल बोर्ड लागेल. वर मेस्सी, मधे निळ्या-पांढऱ्या जर्सीत तू, खाली 'शुभेच्छुक : समस्त शिवाजी पेठ', आणि खर्च तुझा. उलटं झालं तर माझा फोटो पिवळ्या जर्सीत, तुमच्या अर्ध्या शिवाजी पुतळ्यापाशी. कबूल असेल तर काकींना फोन करताना सांग, त्या साक्षीदार. बोर्डवर कुठल्याही साहेबांचा फोटो टाकायचा नाही, ही एकच अट. छपाईवाला म्हणतोय की साहेबांचा फोटो असला तर निम्म्या दरात करून देतो. तरीही.

तुझा,
पाटाकडीलवाला

ता. क. : जर्सी अस्सल पाठव. मागच्या वेळी पाठवलेलीचा रंग दुसऱ्या धुण्याला गेला आणि ती आता जवळपास पिवळीच दिसते. हे तू मुद्दाम केलंस, असं माझं स्पष्ट मत आहे.