ज्वारीचे शेजारी

बांधावर बाभूळ असली की तिच्यालगतच्या ज्वारीच्या ओळी खुरट्याच राहतात. माणसं सावलीला नाहीतर झाडाच्या 'विषा'ला नावं ठेवून मोकळी होतात. मी म्हणतो, आधी बांधाकडेनं चांगला खोल चर मारा, रानात आलेली मुळं तोडा. पुढच्या हंगामात त्या ओळी उठल्या तर भांडण बहुधा पाण्याचं होतं. रब्बीचं पीक साठल्या ओलीवर जगतं. तिथं माझा पहिला संशय मुळांवरच.

विषाची गोष्ट रंगतदार खरी. हान्स मोलिश यांनी १९३७ मध्ये तिला 'अ‍ॅलेलोपॅथी' हे नाव दिलं. गाजर गवताचा अर्क बशीत ओतून बी उगवू न देणं सोपं आहे. रानात तेच द्रव्य मातीला चिकटतं, जिवाणू ते खातात, पाऊस ते धुऊन नेतो.

तरी आमची ज्वारीही काही गरीब नाही. तिच्या मुळांवरच्या बारीक लवेतून सॉर्गोलिओन नावाचं पिवळं, तेलकट द्रव्य पाझरतं आणि शेजारच्या कोवळ्या तणाचं प्रकाशातून अन्न करण्याचं कामच अडवतं. ज्वारीमागचं पीक पिवळं पडतं, त्याचा सगळा बोल मात्र मी या द्रव्याला लावत नाही. धसकटं कुजवणारे जिवाणू मातीतला नत्र स्वतःकडे ओढतात. थोडा युरिया देऊन पीक हिरवं झालं, तर ती उपासमार होती.

पहिली खुरपणी मी लांबवत नाही, त्याचं कारण वेगळंच. तणाच्या पानांवरून परतलेल्या उजेडात गडद तांबडा भाग जास्त असतो. प्रत्यक्ष सावली पडण्याआधीच रोपाला तो कळतो आणि ते मुळांचा वाटा कमी करून उंच धावू लागतं.

सगळ्यांत बेरकी तण म्हणजे टारफुला. स्फुरद कमी पडला की ज्वारीचं मूळ मदतीच्या बुरशीला बोलावणारं द्रव्य सोडतं. त्याच खुणेवर टारफुल्याचं बी उगवतं, मुळाला डसतं आणि जमिनीवर दिसण्याआधीच निम्मं काम उरकतं. पुढं एकेक झाड हजारो बिया टाकतं, त्या मातीत दहा-दहा वर्षं टिकतात. फुलावर येण्याआधी मी तो उपटतो. यंदाच्या ज्वारीला त्या उपटण्याचा फारसा उपयोग नसतो.