तीन काड्या

आमच्या गावच्या वाचनालयाच्या माडीवर अभ्यासिका आहे. स्पर्धा परीक्षांची चाळीसेक मुलं पहाटेपासून तिथे बसतात. त्यांच्यासाठी वाय-फाय बसवायचं काम मी आपणहून घेतलं आणि पहिल्या खेपेला चुकवलं.

खाली एक, माडीवर दोन असे तीन ॲक्सेस पॉइंट लावले. दगडी भिंती दीड हात जाड, म्हणून तिन्हींची पॉवर शेवटपर्यंत वाढवली. चॅनेलची रुंदी 40 मेगाहर्ट्झ, बाकी सगळं ऑटो. आठवडाभरात ग्रंथपाल बाईंचा फोन आला, “अहो, काड्या तीन-तीन दिसतात, पण मुलांचं पानच उघडत नाही.”

माडीच्या टोकाच्या टेबलावर बसणाऱ्या मुलीचा मोबाइल आणि माझा लॅपटॉप शेजारी ठेवले. मोबाइल डोक्यावरचा ॲक्सेस पॉइंट सोडून खालच्यालाच धरून होता! मुलं आत शिरताना तो भेटतो, आणि लाकडी तक्तपोशीतून त्याचा आवाज वर येत राहतो. कोणाला धरायचं, कधी सोडायचं हे मोबाइल ठरवतो. तीन काड्या दिसत असताना तो कशाला सोडेल? मोबाइलला खालचा सिग्नल उणे 66 डीबीएम मिळत होता. मोबाइलचा मात्र खाली उणे 79 पोचत होता. खालून हाक ऐकू येते, वरून दिलेली ओ पोचत नाही, असा प्रकार. बॅटरीवर चालणाऱ्या मोबाइलला तेवढ्या जोरात बोलताच येत नाही, आणि काड्या दाखवतात ती फक्त हाक.

पॉवर 23 डीबीएमवरून 14 वर आणली. दर 3 डेसिबलला ताकद निम्मी होते, म्हणजे 200 मिलिवॅटचे 25 उरले. बाईंना हे पटेना. “कमी करून वाढेल कसं?” मलाही आधी पटलं नव्हतं.

चॅनेलचा घोळ वेगळा. 2.4 गिगाहर्ट्झमध्ये आपल्याकडे 13 चॅनेलं, पण दोन चॅनेलांत अंतर 5 मेगाहर्ट्झचं आणि एक चॅनेल व्यापतं 20. एकमेकांवर न चढणारी म्हणून 1, 6 आणि 11 घ्यायची. माझे दोन ॲक्सेस पॉइंट 6 वरच, वर 40 रुंदीचे; अर्धा पट्टा अडवून एकमेकांची वाट बघत बसलेले. रुंदी 20 केली आणि तिघांना तीन चॅनेलं दिली. 1 ते 11 एमबीपीएसचे जुने वेगही बंद केले. ॲक्सेस पॉइंट सेकंदाला दहा वेळा आपलं नाव पुकारतो, ते सगळ्यात संथ वेगात पुकारण्यात हवा फुकट अडते.

5 गिगाहर्ट्झमध्ये जागा ऐसपैस. तिथे 52 ते 144 ही चॅनेलं मी टाळली. त्यांवर रडारची चाहूल लागली की ॲक्सेस पॉइंटला चॅनेल सोडावं लागतं. परीक्षेचा अर्ज भरताना तसं व्हायला नको. 36, 44 आणि 149 घेतली. सेटिंगमध्ये देश ‘भारत’ आहे ना, हे त्याआधी पाहिलं, कारण चॅनेल आणि पॉवरच्या मर्यादा त्यावरून ठरतात.

परवा त्याच टोकाच्या टेबलावर त्या मुलीने हॉलतिकीट उतरवून घेतलं. मी काड्या पाहिल्या. पूर्वीइतक्याच होत्या, तीन.