काठावरचा मुलगा

१९९७ च्या उन्हाळ्यातील ही गोष्ट. माझी गुरुदीक्षा होऊन जेमतेम वर्ष झाले होते आणि वसईतील एका धर्मग्रामात मी साहाय्यक धर्मगुरू होतो. एके दिवशी वेदीसेवक मुलांना घेऊन मी जवळच्या बावखलावर पोहायला गेलो. त्यांच्यात पोलिओमुळे दोन्ही पाय अधू झालेला अकरा वर्षांचा एक मुलगा होता.

“फादर, मी पण उतरू?” त्याने विचारले.

मी त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणालो, “नको बाळा. तू सावलीत बस आणि सगळ्यांचे कपडे सांभाळ.”

तासभर तो काठावर बसून राहिला. त्या संध्याकाळी मला स्वतःच्या दयाळूपणाचे समाधानच वाटले होते.

पुढे २०२४ साली ‘चंदू चॅम्पियन’ हा चित्रपट आला. धर्मग्रामातील तरुणांच्या तोंडी मुरलीकांत पेटकर हे नाव ऐकू येऊ लागले, म्हणून मी त्यांच्याविषयी वाचू लागलो. आणि वाचता वाचता तो काठावरचा मुलगा माझ्यासमोर येऊन बसला.

पेटकरांचा जन्म १९४४ साली, आजच्या सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूर येथे झाला. ते सैन्यात दाखल झाले. तेथे यंत्रदुरुस्तीचे काम पाहणाऱ्या ई.एम.ई. दलात ते कारागीर होते आणि मुष्टियोद्धा म्हणून नावारूपाला येत होते. १९६५ च्या युद्धात सियालकोट आघाडीवर त्यांना अनेक गोळ्या लागल्या. जीव वाचला, पण कमरेखालचे शरीर लुळे पडले. ज्याचे सारे सामर्थ्य पायांच्या चपळाईवर उभे होते, त्याला आता अंथरुणावर कूस बदलण्यासाठीही दुसऱ्याचा हात हवा होता.

उपचाराचा भाग म्हणून त्यांना पोहण्याचा सल्ला मिळाला. मणक्याच्या दुखापतीवर खेळ हेच औषध, हा विचार तेव्हा फारसा जुना नव्हता. नाझींच्या छळामुळे जर्मनी सोडून इंग्लंडला आलेले ज्यू डॉक्टर लुडविग गुटमन यांनी १९४८ साली स्टोक मँडेव्हिल येथील इस्पितळात चाकाच्या खुर्चीवरील रुग्णांच्या स्पर्धा सुरू केल्या. त्यांतूनच पुढे पॅरालिम्पिक उभे राहिले.

१९७२ च्या पॅरालिम्पिक स्पर्धा जर्मनीतच झाल्या, पण ऑलिम्पिकच्या म्युनिक शहरात नव्हे. तेथील खेळाडूंची घरे खासगी वापरासाठी द्यायची होती. म्हणून अपंग खेळाडूंची सोय हायडेलबर्ग येथे करण्यात आली. ऑगस्ट महिन्यात तेथे पेटकर पाण्यात उतरले. पाय साथ देत नसले की ते ओझ्यासारखे मागे ओढत राहतात, कंबर खाली जाऊ पाहते. शरीर वर धरायचे तेही खांद्यांनी आणि पुढे न्यायचे तेही खांद्यांनीच. पेटकरांनी ५० मीटर मुक्त शैलीचे अंतर ३७.३३ सेकंदांत पार केले. सुवर्णपदकाबरोबर त्यांच्या गटातील जागतिक विक्रमही त्यांनी नोंदवला. ऑलिम्पिकमध्ये भारताला वैयक्तिक सुवर्णपदक मिळाले ते २००८ साली, अभिनव बिंद्रा यांच्या रूपाने. त्याच्या छत्तीस वर्षे आधी एका मराठी सैनिकाने पॅरालिम्पिकचे सुवर्ण आणले होते!

आणि आपण काय केले? पद्मश्री दिली २०१८ साली. अर्जुन पुरस्कार दिला जानेवारी २०२५ मध्ये. पदकानंतर बावन्न वर्षांनी, त्यांच्या वयाच्या ऐंशीव्या वर्षी. सरकारला दोष देणे सोपे आहे. पण त्या काळात शाळेत असलेल्या माझ्या पिढीला हे नाव कोणी सांगितले नाही आणि मोठे झाल्यावर आम्हीही ते विचारले नाही. ते नाव एखाद्याने मला वेळीच सांगितले असते, तर त्या दिवशी बावखलावर मी वेगळे उत्तर दिले असते का?

गेल्या वर्षी एका लग्नात तो मुलगा मला भेटला. आता त्याचे स्वतःचे दुकान आहे, दोन मुले आहेत. धीर करून मी त्याची क्षमा मागितली. तो हसला.

“फादर, मी त्याच उन्हाळ्यात पोहायला शिकलो. माझे काका पहाटे मला खांद्यावर बसवून न्यायचे आणि पाठीला रिकामा डबा बांधून पाण्यात सोडायचे. तुम्हाला मुद्दामच सांगितले नाही. तुम्ही नको म्हणाला असता.”

काकांनी त्याला खांद्यावर घेतले. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. हात दोघांचेही मायेचेच होते. पण माझ्या हाताने त्याला खाली बसवले.

बेथेस्दाच्या तळ्याकाठी अडतीस वर्षे पडून असलेल्या माणसावर मी कितीतरी प्रवचने दिली आहेत. त्याला पाण्यात सोडणारे कोणी नव्हते, हे मी दर वेळी कळवळून सांगत असे. मात्र प्रभूने सर्वप्रथम त्याची इच्छा विचारली, या गोष्टीपाशी मी कधी थांबलो नव्हतो. मी तर त्या मुलाला विचारलेही नाही. विचारले होते त्याने, आणि मी नकार दिला होता.

आपल्या घरांत, आपल्या धर्मग्रामांत कपडे सांभाळायला बसवलेली माणसे अजून आहेत. त्यांना आपली दया पुष्कळ मिळाली आहे. आता कोणीतरी पहाटे उठून त्यांना खांद्यावर घ्यायला हवे.