जोडी

'जोडी' हा शब्द आपण फार विश्वासाने वापरतो. पेरूमधील अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला 'अ‍ॅपिस्टोग्रामा काकाटुऑइडेस' हा बुटका सिक्लिड मासा आणताना मीही एक नर, एक मादी अशीच निवड केली. नर सुमारे ८ सेंटिमीटरचा; पाठीवरच्या पराचे पुढचे काटे काकाकुव्याच्या तुऱ्यासारखे उंच. १९५१ साली होडेमन यांनी नाव दिले ते या तुऱ्यावरूनच. मादी जेमतेम ५ सेंटिमीटरची, फिकी. पाहणाऱ्याची नजर नरावरच खिळते.

पुढे मादीने करवंटीच्या आत, छताला अंडी चिकटवली. तिच्या अंगावर पिवळाधमक रंग चढला, काळ्या खुणा ठळक झाल्या, आणि तिने त्या तुरेवाल्याला हाकलायला सुरुवात केली. ओढ्याच्या तळाशी साचलेल्या पालापाचोळ्यात एका नराच्या हद्दीत अनेक माद्यांची घरे असतात. एकीने हाकलले की तो दुसरीकडे जातो. ६० सेंटिमीटरच्या पेटीत 'दुसरीकडे' ही जागाच नसते. लाकडाचा आडोसा, दाट वनस्पती, जास्तीच्या करवंट्या यांनी ती थोडीफार निर्माण करता येते, एवढेच. शेवटी तयार ठेवलेल्या दुसऱ्या पेटीत नराला हलवले.

म्हणजे 'जोडी' ही माशांची नव्हे, पेटीची गरज होती.

आता ती पिल्लांचा थवा घेऊन बदामाच्या वाळक्या पानांवरून फिरते. तिला 'आई' म्हणावेसे वाटते. हा शब्द मात्र तूर्त तपासून पाहण्याचे धैर्य होत नाही.