जुनी वाळू, नवी टाकी

खाऱ्या पाण्याची टाकी बदलताना माझा जीव अडकतो तो वाळूत. वरच्या दोन-तीन सेंटिमीटरमध्ये प्राणवायूवर जगणारे जिवाणू माशांच्या विष्ठेतल्या अमोनियाचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात. खोलवर, जिथे प्राणवायू पोचत नाही, तिथे दुसरे जिवाणू त्याच नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून सोडतात. ही वस्ती बसायला कित्येक महिने लागतात, म्हणून ती हलवताना हात जपूनच चालतो.

आज मासे टबात काढून हवेचा पंप लावला आणि वरचा थर मगाने अलगद उचलला. मगात एक गुलाबीसर काटेरी किडा अंग आवळून बसला होता. त्यालाही सोबत घेतलं. तळाशी काळे डाग होते आणि सडक्या अंड्यांचा वास, म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. तो थर तसाच ओतला तर माशांच्या जिवावर बेततं, म्हणून तो काढून टाकला. वरची वाळू टाकीतल्याच पाण्यात हलकेच विसळली. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने जिवाणू मेले असते.

नवी वाळू खाली पसरून तिच्यावर जुनी घातली, विरजण लावावं तशी. आता रोज अमोनिया तपासायचा आणि तो शून्यावर टिकला की मगच मासे सोडायचे. न दिसणाऱ्या जिवांची काळजी घेतली, तरच दिसणारे जगतात, हे मला या छंदाने शिकवलं.